ऑसिलेटिंग मल्टी-टूल घरच्या कामाला घ्यावं का?

गुण्या_करवत

मंडळी, विषय वरच लिहिलाय. घरी १० मि.मी.चं ड्रिल, ४ इंची ग्राइंडर, जिगसॉ, रंधा आणि चार पटाश्या एवढी हत्यारं आहेत. त्यात मल्टी-टूलची भर घालावी का?

समोरची कामं आधीच लिहितो, म्हणजे उत्तरं हवेत जाणार नाहीत. इंदुरात रामबागेतलं जुनं घर, सागाच्या चौकटी. जुन्या फरशीवरच नवी टाइल बसणार, म्हणून पाच चौकटींचे पाय खालून कापायचे. बाथरूममधलं काळं पडलेलं ग्राउट, म्हणजे टाइलांच्या सांध्यातलं भरण, काढून नवं भरायचं. बेसिनमागचा सीपीव्हीसी (नळाच्या प्लास्टिक) पाइपाचा तुकडा बदलायचा, तिथे करवत मागे-पुढे होत नाही. टीव्ही युनिटच्या मागच्या प्लायमध्ये स्विचबोर्डाचा चौकोन काढायचा. दोन दारं पावसाळ्यात खाली घासतात, ती थोडी उतरवायची.

सियागंजात एक दुकानदार म्हणतो ‘सब काम करेगा’, शेजारचा म्हणतो ‘ग्राइंडर है तो क्यों पैसा डालना’. दोघांचाही धंदा आहे, म्हणून इथे विचारतोय.

सागवानी

पाचपैकी तीन कामं या यंत्राची. एक अर्धं-मुर्धं, आणि दारांचं काम त्याचं नाही.

आधी ते चालतं कसं ते बघा, म्हणजे कुठे उपयोग होईल ते आपोआप कळेल. ब्लेड गोल फिरत नाही, आसाभोवती जागच्या जागी डावी-उजवीकडे हलतं. बॉशच्या जीओपी ४०-३० चं उदाहरण घ्या: ४०० वॉट, मिनिटाला ८,००० ते २०,००० हेलकावे, दोन्ही बाजूंना दीड-दीड अंश. म्हणजे एकूण कोन फक्त ३ अंश. आसापासून दातांच्या टोकापर्यंत ८० मि.मी. धरले तर दात जेमतेम सव्वाचार मि.मी. सरकतो. ब्लेड इतक्या थोड्या जागेत हलतं म्हणूनच भिंतीला, जमिनीला टेकवून कापता येतं आणि ग्राइंडरसारखा झटका बसत नाही. आणि म्हणूनच लांब काप घेताना ते रडतं.

तोच ३ अंशांचा कोन ८५ मि.मी. व्यासाच्या अर्धगोल ब्लेडला लावा. त्रिज्या साडेबेचाळीस, म्हणजे दात सरकतो सव्वादोन मि.मी. मशीन तेच, हालचाल जवळपास निम्मी. अर्धगोल ब्लेडने लाकूड हळू कापतं अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा. ते ब्लेड उथळ आणि सरळ रेषेसाठी असतं, खोल शिरायला सरळ पात्याचं, टोकाला दात असलेलं ब्लेड लागतं.

मूळ कल्पना मोडलेल्या हाडावरचं प्लास्टर कापायच्या यंत्राची. फाइन या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये हलणाऱ्या ब्लेडची प्लास्टर-करवत आणली. कडक प्लास्टर कापलं जातं आणि आतली मऊ कातडी ब्लेडबरोबर हलते, म्हणून वाचते. लाकडाच्या दातेरी ब्लेडला हा नियम लावून बोट घालू नका, चांगलं फाटतं.

माळवी_मिस्त्री

माझं मत उलटं. पाच चौकटींसाठी मशीन कशाला? बारीक दातांची करवत आडवी धरा, खाली टाइलचा तुकडा ठेवा आणि कापा. आमच्या बापजाद्यांनी असंच केलं. साग काही लोखंड नाही. प्लायमधल्या चौकोनाला जिगसॉ आहेच, चार कोपऱ्यांत १० मि.मी.ची भोकं पाडली की काम झालं.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. मल्टी-टूल नको म्हणून कोणी ४ इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून चौकट कापायला जाऊ नका. बाजारात ती पाती सर्रास मिळतात. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो, ते पातं बसवायला लोक गार्ड काढून टाकतात, आणि दात सागाच्या गाठीत अडकला की मशीन हातातून उसळून सरळ मांडीकडे येतं. तसं करण्यापेक्षा मल्टी-टूल घ्या, नाहीतर करवत घासा. तिसरा रस्ता नाही.

सागवानी

ग्राइंडरच्या बाबतीत शंभर टक्के सहमत.

पण मिस्त्रीबुवा, करवतीचं गणित उभ्या चौकटीच्या दर्शनी बाजूला जमतं. भिंतीकडच्या कोपऱ्यात करवतीला मागे-पुढे जायला जागा कुठे? तिथे शेवटी पटाशी आणि हातोडी येते आणि सागाचा चिपका उडतो, नेमका पॉलिश दिसतं त्या बाजूला.

चौकटीचं काम मशीनने असं करा. नवी टाइल आणि तिच्याखालचा चिकटवणीचा थर, दोन्हींची जाडी धरायची. टाइल ८ ते १० मि.मी. असते, चिकटवणी दाबल्यावर ३ ते ५ मि.मी. उरते. टाइलचा एक तुकडा घ्या, खाली तेवढ्या जाडीचा पुठ्ठा किंवा प्लायची पट्टी ठेवा, वरून एखादा मि.मी. ढील द्या. हा ठोकळा चौकटीला लावून जमिनीवर ठेवा, ब्लेड त्यावर सपाट टेकवा आणि आत ढकला. ब्लेडला मानेशी बाक दिलेला असतो तो याचसाठी, मशीनचं डोकं वर राहतं आणि पातं जमिनीला समांतर जातं.

३२ मि.मी. रुंदीचं सरळ ब्लेड आत जातं ४०-५० मि.मी. तुमच्या चौकटीचं लाकूड १०० बाय ६५ असेल तर एका बाजूने पुरणार नाही, दोन बाजूंनी यावं लागेल. आणि इथेच ब्लेड मरतं: लाकूड संपून पातं मागच्या सिमेंटच्या गिलाव्याला लागलं की दात गेले म्हणून समजा. शेवटचे तीन-चार मि.मी. सोडा, पटाशी घालून तुकडा पिरगाळा, तुटून येतो. तेवढं खरबरीत तोंड टाइल खाली सरकल्यावर दिसत नाही.

कापलेल्या तोंडाला, म्हणजे रेषांच्या उघड्या टोकाला, टाइल बसवण्याआधी प्रायमर किंवा जवसाचं तेल लावा. ओली चिकटवणी लाकूड शोषून घेतं आणि पॉलिशवर काळपट डाग वर चढतो.

आणि कापण्याआधी चौकट हलवून बघा. ती भिंतीत होल्डफास्टवर, म्हणजे तिला भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर, उभी असते. होल्डफास्ट ढिले असतील किंवा पायाला वाळवी लागली असेल, तर पाय कापल्यावर चौकट लोंबकळते आणि दार बसतं. आधी ते पक्कं करा.

लोखंडी_चणे

ब्लेडवर कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. मशीनचा खर्च एकदाच होतो, ब्लेडचा होतच राहतो.

साधं हाय-कार्बन स्टीलचं ब्लेड स्वस्त. नरम लाकूड, एमडीएफ, प्लास्टिक यांना छान. जुन्या लाकडात खिळा लागला की संपलं. बाय-मेटल म्हणजे लवचिक पात्यावर हाय-स्पीड स्टीलचे दात, लाकूड आणि साधे खिळे दोन्ही खातं. रामबागेतल्या जुन्या सागात कुठे खिळा पुरलाय ते घरमालकालाही ठाऊक नसतं, त्यामुळे तुमच्यासाठी हेच. कार्बाइडचे दात कडक केलेल्या स्क्रूसाठी. काळ्या रंगाचे जिप्सम-बोर्डाचे स्क्रू बाय-मेटलचे दात पुसून टाकतात, तिथे कार्बाइडच लागतं. ग्राउटला दात नसतातच, कार्बाइडचे किंवा हिऱ्याचे दाणे चिकटवलेली कड असते.

आता ब्लेड बसतं कुठे ते बघा, फसगत इथे होते. जुनी पद्धत सपाट: मध्ये बोल्ट, भोवती बारा खुंट्या, तिला ओआयएस म्हणतात. २०१६ मध्ये बॉश आणि फाइनने स्टारलॉक आणलं. त्यात ब्लेडचं तोंड वाटीसारखं खोलगट असतं आणि मशीनवर खटकन बसतं. स्टारलॉकचेही तीन प्रकार. साधं स्टारलॉक ब्लेड तिन्ही प्रकारच्या मशीनवर चालतं. प्लसचं ब्लेड प्लस आणि मॅक्स मशीनवर. मॅक्सचं फक्त मॅक्सवर. उलट जात नाही. त्यामुळे जीओपी ३०-२८ सारखं ३०० वॉटचं साधं स्टारलॉक मशीन घेऊन मोठं मॅक्स ब्लेड आणलं तर ते भिंतीला टांगायच्या कामाचं.

ऑनलाइन मिळणारे शंभर नगांचे ‘युनिव्हर्सल’ संच सपाट तोंडाचे असतात. बोल्टच्या मशीनवर बसतात, स्टारलॉकवर नाही. डीवॉल्टचं डीडब्ल्यूई ३१५ स्वतःच्या खाचेचं आहे, बाकीची ब्लेडं अॅडॉप्टर लावून घेतं. तेव्हा आधी ब्लेड कुठलं नेहमी मिळतं ते बघा, मग त्याला मशीन शोधा. लोक उलटं करतात.

वाचनमात्र

प्रश्न बाळबोध वाटेल. त्या शंभर नगांच्या संचात वाईट काय? एक ब्लेड गेलं तर दुसरं लावायचं.

लोखंडी_चणे

वाईट असं नाही. एमडीएफ, प्लाय, प्लास्टिकच्या पट्ट्या कापायला चालतात. पण बहुतेकांत साधं स्टील असतं आणि ‘बाय-मेटल’चा फक्त रंग असतो. ओळखायचं कसं: खऱ्या बाय-मेटल पात्यावर दातांच्या मागे दोन-तीन मि.मी.वर वेल्डची बारीक समांतर रेषा दिसते आणि दाताकडची पट्टी किंचित वेगळ्या छटेची असते. रंग खरवडून बघा. रेषा नसेल तर नुसतं नाव.

चांगलं कार्बाइड ब्लेड एकेक हजाराच्या घरात जातं. पण दहा स्वस्त ब्लेडांना जो स्क्रू कापत नाही तो ते कापतं.

आणि ब्लेड झिजण्यापेक्षा जळतात जास्त. हात घाईला येतो, जोर लावतो, हेलकावे दाबाखाली मंदावतात, भुसा दातांत अडकतो, घासून उष्णता वाढते आणि टोक निळं पडतं. निळं पडलेल्या स्टीलचं पाणी उतरलं, ते पुन्हा धार धरत नाही. मशीनच्या वजनाइतका दाब पुरे. पातं थोडं इकडे-तिकडे झुलवत राहायचं, म्हणजे सगळे दात एकदम टेकत नाहीत आणि भुसा बाहेर पडतो. लाकडाला वेग वरचा, धातूला खालचा ते मधला. लोखंडावर २०,००० ला चालवलं तर दहा सेकंदांत ठिणग्यांबरोबर पैसे उडतात.

टपकता_नळ

ग्राउट आणि पाइप माझ्याकडे द्या.

आधी सांधा मोजा. नव्या टाइलमध्ये २ ते ३ मि.मी. स्पेसर घालतात. ३ मि.मी.च्या सांध्यात कार्बाइड दाण्यांचं अर्धगोल ब्लेड जातं, त्याची जाडी सव्वादोनच्या आसपास असते. २ मि.मी.च्या सांध्यात ते घालाल तर दोन्ही बाजूंच्या टाइलची कड खरवडेल. तिथे पातळ, १ ते दीड मि.मी.चं घ्या. पण इंदुरातल्या जुन्या बाथरूममध्ये टाइलला टाइल चिकटवून वरून पांढरं सिमेंट पुसलेलं असतं. तिथे सांधाच नाही, फक्त पुसलेली रेघ आहे. तिथे मशीन घालू नका, टाइल उडेल. वरवर खरवडून, घासून साफ करा आणि विषय संपवा.

सांधा असेल तर वेग मधला, ब्लेड सांध्याच्या मधोमध. एका दमात खोल जायचं नाही. दोन-तीन फेऱ्यांत टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांशापर्यंत या, ८ मि.मी.च्या टाइलला ५-६ मि.मी. किमान ३ मि.मी. तरी मोकळे हवेत, नाहीतर नवं ग्राउट पापुद्र्यासारखं निघतं. अर्धगोल ब्लेड कोपऱ्यात शेवटपर्यंत पोचत नाही, तिथे बोटासारखं निमुळतं ब्लेड किंवा हाताने खरवडायचा ग्राउट-रेक. दोन भिंती मिळतात त्या उभ्या कोपऱ्यात नंतर ग्राउट भरू नका, सिलिकॉन भरा. तिथे भिंती हलतात, ग्राउट तडकतंच.

इपॉक्सी ग्राउट असेल तर दाणे गुळगुळीत होतात आणि ब्लेड नुसतं घसरतं. हीट गनने आधी तो भाग गरम करा, इपॉक्सी मऊ पडतं, मग सावकाश काढा.

धुळीबद्दल हसण्यावारी नेऊ नका. सिमेंट-ग्राउट आणि टाइलच्या धुळीत बारीक सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. एन-९५ मास्क लावा, रुमाल चालत नाही. व्हॅक्यूमची नळी ब्लेडजवळ धरायला दुसरा माणूस असला तर उत्तम. धूळ बसावी म्हणून विजेच्या मशीनवर पाणी मात्र मारू नका.

पाइप: अर्ध्या इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मि.मी. म्हणजे ३२ मि.मी.चं ब्लेड एका घावात आरपार. मधला वेग, नाहीतर प्लास्टिक वितळून पात्याला चिकटतं. काप पाइपाला काटकोनात हवा, तिरका असेल तर फिटिंगच्या तळाशी पूर्ण टेकत नाही आणि सॉल्व्हंट सिमेंटची पकड निम्मी होते. फिटिंगचा खळगा साधारण १३ मि.मी. खोल असतो, म्हणून भिंतीबाहेर १५ मि.मी. तरी पाइप उरेल असंच कापा. भिंतीलगत कापून बसलात तर पुढे फोडकाम. कड चाकूने आतून-बाहेरून साफ करा, भुसा पाइपात राहिला तर थेट नळाच्या जाळीत येतो.

माळवी_मिस्त्री

पाइपाचं मान्य. जिथे करवत हलत नाही तिथे हे हलतं.

आता विटांवर लिहा कोणीतरी. लोक हे घेऊन भिंतीत बोर्डाची पेटी बसवायला निघतात.

सागवानी

विटा आणि काँक्रीट? नाही. एका पेटीला चार ब्लेडं घालवाल आणि शेवटी छिन्नी-हातोडाच उचलाल. जिप्सम-बोर्ड आणि पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये मात्र लाजवाब, दिव्याच्या भोकासाठी भोकाचं कटर आणि चौकोनासाठी हे.

एक भर: जुन्या घरावर किंवा पोटमाळ्यावर सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर त्यावर कुठलंच मशीन चालवू नका. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसाला घातक असं तंतूंचं खनिज, असतो, कापल्यावर त्याचे तंतू हवेत राहतात.

जुन्या ऑइल पेंटचंही तेच. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे थर शिसेयुक्त असू शकतात. मल्टी-टूलला त्रिकोणी सँडिंग पॅड लावून चौकटीचे कोपरे घासायचा मोह होतो. जुन्या रंगावर कोरडं घासू नका. रिमूव्हर लावून पत्रीने खरवडा किंवा पाणकागदाने ओलं घासा, मुलांना लांब ठेवा.

नव्या पॉलिशच्या आधी घासायला ते पॅड चांगलं आहे: ८०, मग १२०, मग १८०. पूर्ण वेगावर चालवलं तर मधल्या वेल्क्रोचे आकडे तापून वितळतात आणि पुढचा कागद चिकटत नाही. अर्ध्या वेगावर ठेवा.

फेज_न्यूट्रल

टीव्ही युनिटचं माझं काम. मशीन लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा. प्लायमागे तारा कुठून गेल्यात ते आठवणीवर सोडू नका.

पेटी उलटी ठेवून पेन्सिलीने आखा. प्लेट पेटीपेक्षा मोठी असते, त्यामुळे रेषेबाहेर एखादा मि.मी. गेलात तरी झाकला जातो, त्याहून जास्त जाऊ नका. सनमायका असेल तर रेषेवर मास्किंग टेप लावा आणि चाकूने एकदा टेपवरून ओढा. सनमायका कडक असतो, साध्या स्टीलच्या दातांची धार उतरते आणि कड फुटते. बाय-मेटल लावा.

प्लाय १२ मि.मी.चा असेल तर पात्यावर दातांपासून १३ मि.मी.वर इन्सुलेशन टेपचा वेढा द्या. टेप लाकडाला टेकला की थांबा, मागची तार वाचते. सुरुवात पातं थोडं तिरकं धरून एका कोपऱ्याने ओरखडा काढून करा, मग सरळ करून आत घाला. एकदम सपाट टेकवलं तर पातं रेषेवर न थांबता बाजूला उड्या मारतं. कोपऱ्यात रेषा ओलांडू नका. जिगसॉलाही हे जमतं, पण युनिट भिंतीला बसलेलं असेल तर जिगसॉचं पातं मागे भिंतीवर आपटून वाकतं. मिस्त्रीसाहेबांनी एवढं सोडलं.

वीज फार लागत नाही. ३०० वॉट म्हणजे सव्वा ते दीड अँपिअर, ६ अँपिअरचा साधा प्लग पुरतो. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर साइन-वेव्ह हवा. चौकोनी लहरीवर वेग-नियंत्रकाचं सर्किट गुणगुणतं आणि तापतं.

माळवी_मिस्त्री

बरोबर पकडलंत. बसवलेल्या युनिटमध्ये जिगसॉ नाही.

गुण्या_करवत

दारांचं राहिलं. दोन्ही खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात घासतात.

माळवी_मिस्त्री

दाराला मशीन नंतर. आधी का घासतंय ते बघा.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घरांचे पाये तिच्याबरोबर थोडे वर-खाली होतात आणि चौकट काटकोनातून सुटते. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. ५ मि.मी.हून जास्त फरक असेल तर चौकट वाकडी आहे, दार नाही. तिथे आधी बिजागरी बघा: वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असतील तर दार बाहेरच्या कोपऱ्यात झुकतं. स्क्रू लांब घाला, वरची बिजागरी खाचेत आणखी खोल बसवा किंवा खालच्या बिजागरीमागे पातळ पुठ्ठ्याची पट्टी द्या. बरीच दारं एवढ्यावर सुटतात.

कर्ण बरोबर आणि तरी घासतंय, तर दार फुगलंय. आषाढ-श्रावणात फुगलेलं दार तेव्हाच कापलं तर मार्गशीर्षात खाली बोटभर फट पडते आणि झुरळं ये-जा करतात. दसऱ्यानंतर लाकूड सुकू द्या, मग उतरवा. दार काढा, आडवं ठेवा, रंध्याने दोन-तीन मि.मी. उतरवा. रंधा दोन्ही टोकांकडून मध्ये चालवा, टोकाकडे नेलात तर उभ्या पट्टीच्या रेषा फुटतात. आणि खालच्या कडेला पॉलिश लावा. बहुतेक दारांची खालची कड कोरी असते, दमट हवेतलं पाणी तिथूनच शिरतं.

मल्टी-टूलने दाराची अख्खी खालची कड कापायला जाऊ नका. पट्टी लावली तरी काप लाटेसारखा येतो.

सागवानी

+१. या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

वाचनमात्र

बॅटरीवालं घ्यावं की तारेचं?

लोखंडी_चणे

१८ व्होल्टचं ड्रिल आधीच घरात असेल आणि त्याच कंपनीचं नुसतं मशीन, बॅटरीविना, मिळत असेल तर बॅटरीचं. नसेल तर तारेचं. हे यंत्र अर्धवट दाबाने सलग चालतं, ग्राउट काढताना २ अँपिअर-अवरची बॅटरी बघता बघता बसते. ४ च्या खाली घेऊ नका.

दुकानात घेताना: पूर्ण वेगावर रिकामं चालवा, डोक्याला हात लावा. मिनिटभरात चटका बसण्याइतकं तापलं तर सोडा. ब्लेड लावून बोटांनी हलवा, थोडंही डुगडुगायला नको. बोल्टवालं मशीन असेल तर अॅलन चावी पूर्ण ताकदीने आवळा. ढिलं राहिलं तर ब्लेड घसरतं आणि खुंट्यांची भोकं लांबट होतात, मग ते ब्लेड कधीच घट्ट बसत नाही. स्वस्त मशिनांत भार आल्यावर वेग राखायचं सर्किट नसतं, लाकडात घातलं की आवाज उतरतो. तिथे चूक हाताची नाही, जोर लावून फायदा नाही. कार्बन ब्रश सुटे मिळतात का तेही विचारा.

आणि १५-२० मिनिटांनी थांबा. मशीनपेक्षा मनगटासाठी. या थरथरीने बोटं बधिर होतात.

गुण्या_करवत

ठरलं मग. तारेचं, ३००-४०० वॉटच्या गटातलं, स्टारलॉक प्लस. ब्लेडं: ३२ मि.मी. बाय-मेटल तीन, कार्बाइड एक, ग्राउटचं पातळ अर्धगोल एक. सांधा मोजला, २ मि.मी. आहे. दारं दसऱ्यानंतर, मिस्त्रीसाहेबांच्या पद्धतीने रंध्याने.

दात गेलेल्या ब्लेडांचं काय करता? फेकून द्यायची?

लोखंडी_चणे

फेकू नका. दातांची पट्टी ग्राइंडरवर उडवा, कडेला एकाच बाजूने चाकूसारखी धार काढा. बेसिन आणि ओट्याच्या कडेचं जुनं सिलिकॉन त्याने सपासप निघतं, कमी वेगावर. धार काढताना दर दोन-तीन सेकंदांनी पात्याचं टोक पाण्यात बुडवा. निळं पडू दिलंत तर वर लिहिलंय तेच.

टपकता_नळ

आणि सिलिकॉन कापताना पातं टाइलकडे सपाट धरा, ओट्याच्या ग्रॅनाइटकडे नाही. ग्रॅनाइटच्या चकाकीवर आलेला ओरखडा घरच्या घरी जात नाही.